रक्तदाबाची 'एकच गोळी' आणि तिच्या पोटातली तीन औषधे

वेण्णाकाठ :

नमस्कार. माझे वडील ७४ वर्षांचे असून आईसह सातारा तालुक्यातल्या आमच्या गावी राहतात. गावातल्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या रक्तदाबाच्या दोन गोळ्या ते गेली सहा वर्षे नेमाने घेत होते : सकाळी टेल्मिसार्टन ४० आणि रात्री अ‍ॅम्लोडिपिन ५. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीसाठी त्यांना पुण्याला नेले, तेव्हा दाब १६८/९४ भरला. तेथील डॉक्टरांनी एका नव्या गोळीची चिठ्ठी दिली आणि "आता ही एकच घ्यायची" असे सांगितले. वडिलांच्या कानांनी "आता ही एक घ्यायची" असे ऐकले. एका 'च'ने पुढचा सगळा घोळ केला.

नव्या गोळीत टेल्मिसार्टन ४०, अ‍ॅम्लोडिपिन ५ आणि क्लोरथॅलिडोन १२.५ अशी तीन औषधे होती. गोळीचे नाव वेगळे, रंग वेगळा, पट्टी वेगळी. त्यामुळे जुन्याच दोन औषधांना तिसरे जोडले आहे हे त्यांच्या किंवा आईच्या ध्यानात येण्याचे कारणच नव्हते. ते जुन्या दोन्ही गोळ्या आणि ही नवी, अशा तीन गोळ्या घेत राहिले. नवव्या दिवशी पहाटे अंथरुणातून उठून न्हाणीघराकडे जाताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन ते पडले. हाड मोडले नाही, हे नशीब. दवाखान्यात दाब ९२/५८ आणि रक्तातले सोडियम १२२ निघाले. तीन दिवस तेथे ठेवून घेतल्यावर ते सावरले.

आता ते म्हणतात, "मला माझ्या जुन्या दोनच गोळ्या द्या, ही मिसळलेली नको." मला कोणाला दोष द्यायचा नाही. परंतु अशी संयुक्त गोळी मुळात द्यावी का, आणि द्यायचीच तर घरच्यांनी नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, अशी विनंती आहे.

औषधपेटी :

वेण्णाकाठ, वडील बरे आहेत हे वाचून हायसे वाटले. मी ३१ वर्षे औषधांचे दुकान चालवले आणि आता निवृत्त आहे. आपण सांगितलेला प्रकार माझ्या काउंटरवर मी दर दोन-तीन महिन्यांनी पाहत असे. फक्त बहुतेक वेळा तो पडण्याआधी लक्षात येई.

चूक का होते, ते पाहा. आपल्याकडे गिऱ्हाईक गोळी ओळखते ती कंपनीच्या नावावरून, रंगावरून किंवा "ती छोटी पिवळी" अशा खुणेवरून. औषधाचे मूळ नाव पट्टीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते आणि पट्टी कापून दिली तर तेही अर्धवट राहते. म्हणून पहिली सूचना अशी, की रक्तदाबाची गोळी सुटी चार-पाच घेऊ नये, पूर्ण पट्टी घ्यावी, आणि घरी आल्यावर त्या पट्टीवरची मूळ नावे, मिलिग्रॅमच्या आकड्यांसह, वहीत मराठीत उतरवून काढावीत. लिहिताना हाताला जे कळते ते वाचताना डोळ्यांना कळत नाही, असा माझा अनुभव आहे.

मूळ नावांच्या शेवटांकडे लक्ष दिल्यास सामान्य माणसालाही गट ओळखता येतो. 'सार्टन'ने संपणारी नावे एका गटातली (टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन), 'प्रिल'ने संपणारी त्याच्या चुलत गटातली (रामिप्रिल, एनालाप्रिल, पेरिंडोप्रिल), 'डिपिन'ने संपणारी तिसऱ्या गटातली (अ‍ॅम्लोडिपिन, सिल्निडिपिन), 'लोल'ने संपणारी चौथ्या गटातली (अटेनोलोल, मेटोप्रोलोल). हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन आणि इंडापामाइड ही तीन मात्र शेवटावरून ओळखू येत नाहीत, ती पाठच करावीत. लोक ज्याला 'लघवीची गोळी' म्हणतात ती हीच. आता नियम सोपा होतो : घरातल्या सगळ्या पट्ट्या ओळीने मांडल्यावर एकच शेवट दोन पट्ट्यांवर दिसला, तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. 'सार्टन' आणि 'प्रिल' एकत्र दिसले तरीही करावा.

कंपनीच्या नावापुढे 'एएम', 'एच', 'सीटी', 'एमटी' अशी शेपटे असतात. साधारणपणे 'एएम' म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन, 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, 'सीटी' म्हणजे क्लोरथॅलिडोन आणि 'एमटी' म्हणजे मेटोप्रोलोल. परंतु हे कंपन्यांचे संकेत आहेत, कायद्याने ठरवलेली भाषा नव्हे. त्यांच्यावर विसंबू नये. शेपूट न पाहता दिलेली गोळी ही चुकीची गोळी असू शकते, कारण नुसत्या नावाची, 'एएम'ची आणि 'एच'ची अशा तिन्ही पट्ट्यांची ठेवण पुष्कळदा एकसारखी असते. "तेच आहे, फक्त कंपनी वेगळी" असे दुकानदार म्हणाला, तर दोन्ही पट्ट्या शेजारी धरून मूळ नावे आणि आकडे जुळवून दाखवायला सांगावे. चांगला दुकानदार त्याचा राग मानत नाही.

१ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या सर्वाधिक खपाच्या ३०० औषधांच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. फोनने तो वाचल्यास मूळ नाव कळते. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही, त्यांच्या नातवंडांना हे काम नेमून द्यावे.

स्टेथोस्कोप :

मी फिजिशियन आहे. येथे लिहितो ती सर्वसाधारण माहिती समजावी. वडिलांच्या बाबतीतला निर्णय त्यांचे डॉक्टरच घेतील.

सर्वप्रथम, घडले काय ते आकड्यांत पाहू. दोन्ही मिळून त्यांच्या पोटात रोज टेल्मिसार्टन ८० आणि अ‍ॅम्लोडिपिन १० जात होते. ही दोन्ही औषधांची रोजची कमाल मात्रा आहे. म्हणजे ते विष घेत नव्हते, परंतु एका रात्रीत दोन्ही औषधांच्या शिखरावर पोहोचले आणि त्यावर मूत्रलही, म्हणजे लघवीची गोळी (येथे क्लोरथॅलिडोन), सुरू झाले. वृद्धांमध्ये, त्यातही बारीक अंगाच्या वृद्धांमध्ये, क्लोरथॅलिडोनसारख्या औषधाने सोडियम पहिल्या काही आठवड्यांतच घसरू शकते. ते १३५ ते १४५ असावे लागते. १२२ या आकड्याला माणूस गोंधळतो, अडखळतो, पडतो. त्यामुळे त्यांच्या पडण्याला दुहेरी मात्रा आणि सोडियम, अशी दोन कारणे असावीत. पुढे मूत्रल द्यायचे की नाही, याचा विचार डॉक्टरांना स्वतंत्रपणे करावा लागेल. हा प्रश्न आपण त्यांना अवश्य विचारा.

आता मूळ प्रश्न. संयुक्त गोळी ही आळसाची किंवा कंपन्यांच्या सोयीची युक्ती आहे, असा एक समज आहे. रक्तदाबाच्या बाबतीत तो बरोबर नाही. दाब वाढवणारी यंत्रणा एक नसते : रक्तवाहिन्या आवळल्या जातात, मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवते, आणि संप्रेरकांची एक साखळी या दोहोंना चिथावत राहते. एका औषधाने एक दार लावले की शरीर दुसरे उघडते. म्हणून दोन वेगवेगळ्या गटांतली औषधे थोड्या मात्रेत एकत्र देणे, हे एकाच औषधाची मात्रा दुप्पट करण्यापेक्षा पुष्कळ परिणामकारक ठरते; २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात हा फरक सुमारे पाचपट निघाला होता. श्रीलंकेत ७०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन औषधांची अल्प मात्रेतली एक गोळी घेणाऱ्यांपैकी सहा महिन्यांनी ७० टक्क्यांचा दाब आटोक्यात होता. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ५५ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अशा जोड्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातल्या आणि २०२१ च्या मार्गदर्शिकेत, शक्य असेल तर एकाच गोळीतली जोडी, सुरुवातीपासून देण्यास अनुकूल मत दिले.

एक फायदा रुग्णांना सहसा सांगितला जात नाही. अ‍ॅम्लोडिपिनने पायांना सूज येते, कारण ते धमन्यांची बारीक टोके सैल करते, पण शिरांची बाजू तेवढी सैल होत नाही. 'सार्टन' ती दुसरी बाजूही सैल करते, म्हणून जोडीत सूज कमी होते. 'सार्टन'ने पोटॅशियम वाढते, मूत्रलाने घटते. येथेही एक दुसऱ्याला सावरून धरते. सगळ्याच जोड्या अशा शहाण्या नसतात. 'प्रिल' आणि 'सार्टन' ही जोडी वरकरणी तर्कशुद्ध वाटत होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, पंचवीस हजारांहून अधिक रुग्णांच्या ऑनटार्गेट या अभ्यासाने दाखवले, की रामिप्रिल आणि टेल्मिसार्टन एकत्र दिल्याने जास्तीचा लाभ काहीच होत नाही, उलट दाब अति उतरणे आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी वाढतात. औषधपेटी यांनी वर जो नियम दिला, त्याचे मूळ येथे आहे.

उलटतपासणी :

डॉक्टरसाहेब, आपला आदर राखून एक शंका विचारतो. दोन सुट्या गोळ्या असतील आणि त्रास झाला, तर एक बंद करून पाहता येते. तिघे एका घरात कोंडल्यावर भांडण कोणी केले, हे कसे शोधायचे? शिवाय एकाचीच मात्रा कमी करायची असेल, तर काय करायचे? मला वेण्णाकाठ यांच्या वडिलांचा आग्रह अगदीच अडाणीपणाचा वाटत नाही.

स्टेथोस्कोप :

शंका रास्त आहे, आणि ज्या रुग्णाचा दाब, मूत्रपिंड किंवा वजन अस्थिर आहे त्याला मी स्वतः काही आठवडे सुट्या गोळ्यांवर ठेवतो. मात्रा स्थिरावली की मग संयुक्त गोळी देतो. ८० च्या पुढचे, वारंवार पडणारे किंवा उभे राहिल्यावर दाब उतरणारे रुग्ण यांच्या बाबतीत तर एका औषधाने सुरुवात करणेच योग्य ठरते.

तरीही 'भांडण कोणी केले' हे बहुधा ओळखता येते, कारण प्रत्येकाची खोड वेगळी आहे. घोट्याशी सूज, चेहरा तापणे, हिरड्या वाढणे हे अ‍ॅम्लोडिपिनचे काम. कोरडा, टोचरा, रात्री न थांबणारा खोकला 'प्रिल'चा. 'सार्टन'ने तो क्वचितच होतो. पायांत गोळे, फार थकवा, अंगठ्याचा सांधा लाल होऊन ठणकणे म्हणजे यूरिक अ‍ॅसिड वाढणे, हे मूत्रलाकडे बोट दाखवते. नाडी मंदावणे आणि दम्याच्या माणसाची छाती भरणे, हे 'लोल'चे. ओठ, जीभ किंवा चेहरा एकाएकी सुजल्यास मात्र ओळखपरेड करत बसू नये. पुढची गोळी न घेता तडक रुग्णालय गाठावे.

एक प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे, की येथे लिहून ठेवतो. अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात. रुग्ण दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो. ते सूज पाहून लघवीची गोळी देतात. तिने सूज फारशी उतरत नाही, पण पोटॅशियम घसरते. मग पोटॅशियमचे गोड पातळ औषध सुरू होते. एका गोळीच्या खोडीसाठी दोन औषधे वाढतात आणि मूळ गोळी तशीच चालू राहते. म्हणून सूज दाखवताना गोळ्यांची वहीदेखील दाखवावी.

सोनचाफा :

मी कुडाळची. माझ्या आईच्या बाबतीत वेगळ्याच वाटेने असाच घोळ होऊ घातला होता. ती प्राथमिक आरोग्य केंद्रातून दरमहा गोळ्या आणते. सिंधुदुर्ग, आणि वेण्णाकाठ यांचा साताराही, भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या जिल्ह्यांपैकी आहेत. केंद्रातून मिळणाऱ्या गोळ्या सुट्या असतात, अ‍ॅम्लोडिपिन वेगळी, टेल्मिसार्टन वेगळी. भावाने मुंबईला तिला खाजगी डॉक्टरांना दाखवले, त्यांनी संयुक्त गोळी लिहिली आणि आई परत आल्यावर केंद्रातल्या गोळ्याही 'फुकटच्या कशाला सोडा' म्हणून चालू ठेवणार होती. केंद्रातल्या परिचारिका ताईंनी तिचे निळे कार्ड पाहून विचारले, म्हणून निभावले. सरकारी आणि खाजगी असे दोन्हीकडे जाणाऱ्यांनी एकच कार्ड दोन्ही ठिकाणी न्यावे, असे मला वाटते.

माझा प्रश्न साठवणीबद्दल आहे. आईसाठी मी आठवड्याचे सात खाने असलेला डबा आणला आणि रविवारी सगळ्या गोळ्या पट्टीतून काढून भरून ठेवते. पावसात टेल्मिसार्टनच्या गोळ्या मऊ पडून डब्याला चिकटल्या. त्या चालतील का? तसेच ती गोळी मोठी वाटते म्हणून आई तिचे दोन तुकडे करते, ते योग्य आहे का?

औषधपेटी :

सोनचाफाताई, त्या गोळ्या टाकून द्याव्यात. टेल्मिसार्टन हवेतली ओल फार लवकर शोषून घेते, म्हणूनच ते बंद पट्टीत येते आणि घेण्याच्या वेळीच बाहेर काढायचे असते. कोकणातल्या जुलैत तर तासाभरातच तिची रया जाते. डबा वापरायचाच असेल तर पट्टीचा त्या-त्या गोळीपुरता चौकोन कात्रीने कापून, गोळी आतच ठेवून, खान्यात टाकावा. मात्र शेवटची गोळी संपेपर्यंत मूळ पट्टीचा नाव असलेला भाग फेकू नये. न्हाणीघरातले कपाट, फ्रीजचे दार आणि देवघरातला समईशेजारचा कोनाडा, या तिन्ही जागा औषधासाठी वाईट.

तुकड्यांबद्दल : संयुक्त गोळीच्या काही प्रकारांत दोन औषधांचे दोन वेगळे थर असतात, दोन रंगांवरून ते ओळखू येतात. अशी गोळी वाकडी तुटली, तर सकाळी एक औषध जास्त आणि संध्याकाळी दुसरे जास्त, असे होते. नावापुढे 'ईआर', 'एसआर', 'एक्सएल' असेल, तर तिच्यातले औषध हळूहळू सुटावे अशी रचना असते. ती चावू किंवा कुटू नये. गिळायला त्रास होत असेल तर डॉक्टरांकडून लहान गोळी लिहून घ्यावी. अर्धी करून मात्रा कमी करण्याचा उद्योग तर स्वतःच्या मनाने मुळीच करू नये.

आजीचा_बटवा :

धागा वाचून मीही माझ्या पट्ट्या मांडल्या. मला टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची गोळी आहे. गुडघ्यांसाठी मी अधूनमधून दुखण्याची गोळी घेते, खोकल्याला ज्येष्ठमधाचा काढा घेते आणि मुलीने 'बीपीसाठी चांगले' म्हणून कमी सोडियमचे मीठ आणून दिले आहे. यांपैकी काही आड येते का? काढा तर घरगुतीच आहे, म्हणून डॉक्टरांना कधी सांगितले नव्हते.

स्टेथोस्कोप :

आजी, आपण विचारले हे फार चांगले झाले, कारण तिन्ही गोष्टी आड येतात आणि तिन्हींच्या तऱ्हा निरनिराळ्या आहेत. थोडे विस्ताराने लिहितो.

दुखण्याची गोळी. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, असेक्लोफिनॅक ही औषधे मूत्रपिंडाकडे रक्त नेणारी वाट आवळतात. 'सार्टन' मूत्रपिंडातून बाहेर पडणारी वाट सैल करते. मूत्रल शरीरातले पाणी कमी करते. नळाला पाणी कमी, आत येणारी वाट अरुंद आणि बाहेरची मोकळी, अशा स्थितीत गाळणीवर दाबच राहत नाही आणि मूत्रपिंड एकाएकी थकते. संयुक्त गोळीत तिघांपैकी दोघे आधीच बसलेले असतात. दुखण्याची गोळी तिसरी. शिवाय ती पाणी आणि मीठ धरून ठेवत असल्याने दाबही चढवते. गुडघ्यांसाठी साधे पॅरासिटामॉल, योग्य मात्रेत, हे तुलनेने बरे. तेही डॉक्टरांना विचारून आणि ते कशाशी मिसळलेले नाही ना हे पाहून, कारण आपल्याकडे असेक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी सर्रास मिळते. म्हणजे येथेही पट्टीचे पोट वाचावेच लागते. सर्दीच्या गोळ्यांतले फिनाइलएफ्रिन हे नाक मोकळे करते आणि रक्तवाहिन्या आवळते, तेव्हा त्याही नावावर लक्ष असावे.

ज्येष्ठमध. एखाद-दुसरी कांडी चघळल्याने आकाश कोसळत नाही. परंतु त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीर मीठ धरून ठेवते आणि पोटॅशियम लघवीवाटे सोडून देते; रोजचा काढा काही आठवडे चालला, तर दाब वाढतो. आपल्या गोळीतले हायड्रोक्लोरोथायझाइडही पोटॅशियम घालवते, म्हणजे दोघे एकाच दिशेने ओढतात. घरगुती म्हणून निरुपद्रवी, असे धरून चालू नये. वैद्यांकडे गेल्यास त्यांनाही रक्तदाबाची गोळी दाखवावी; जाणता वैद्य ज्येष्ठमध टाळून दुसरे काही देईल.

कमी सोडियमचे मीठ. यात सोडियमचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम घातलेले असते. मूत्रपिंड धडधाकट असेल त्याला ते उपयोगी पडते. पण 'सार्टन' किंवा 'प्रिल' घेणाऱ्याचे, त्यातही मधुमेही, वृद्ध किंवा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला घटक) वाढलेल्या माणसाचे पोटॅशियम त्याने धोकादायक पातळीवर जाऊ शकते, आणि त्याची पहिली खूण कधीकधी थेट हृदयाच्या ठोक्यांत दिसते. स्पायरोनोलॅक्टोन हे पोटॅशियम राखून ठेवणारे मूत्रल चालू असेल तर हे मीठ नकोच. पोटॅशियम तपासून मगच ठरवावे. तोवर साधे मीठ कमी वापरावे. लोणचे, पापड, खारवलेली मिरची आणि आम्लपित्तासाठी पाण्यात फसफसणारी पूड यांतून येणारे सोडियम आपण हिशेबात धरतच नाही.

याच निमित्ताने रक्ततपासणीचे सांगतो. 'सार्टन', 'प्रिल' किंवा मूत्रल सुरू केल्यावर, अथवा मात्रा बदलल्यावर, एक ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम पाहावे. क्रिएटिनिन थोडे वाढणे अपेक्षितच असते. ३० टक्क्यांपर्यंतच्या वाढीला घाबरून गोळी बंद करू नये, त्यापुढे गेल्यास कारण शोधावे. मानसिक आजारासाठी लिथियम घेणाऱ्यांनी ही औषधे सुरू होण्याआधीच सांगावे, कारण लिथियमची रक्तातली पातळी यांमुळे वाढते. आणि प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्या काकांनीही ते सांगावे, कारण उभे राहताना दाब त्यानेही उतरू शकतो. पहाटे उठताना पडणाऱ्यांत त्यांची संख्या कमी नाही.

वेण्णाकाठ :

डॉक्टरसाहेब, वडील टॅमसुलोसिन घेतात. दोन वर्षे झाली. पुण्यात ते आम्ही सांगितले नव्हते, कारण कोणी 'रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या' एवढेच विचारले होते.

स्टेथोस्कोप :

मग त्यांचा दाब बसून आणि उभे राहून, असा दोन्ही तऱ्हांनी मोजायला हवा. पाच मिनिटे शांत बसवून एकदा, नंतर उभे करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर ते डॉक्टरांना कळवा. पहाटे उठताना आधी अंथरुणाच्या काठावर दोन मिनिटे बसण्याची सवय लावा.

पायवाट :

मी दरवर्षी आळंदीहून पायी वारीला जातो. वय ६३, गोळी टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची. मागच्या वारीत लोणंदच्या आसपास जुलाब लागले, दोन दिवस पोटात पाणी ठरेना, तरी गोळी चुकवली नाही, कारण 'बीपीची गोळी कधी बंद करायची नाही' असे डोक्यात पक्के होते. तिसऱ्या दिवशी वैद्यकीय पथकाच्या तंबूत सलाईन लावावे लागले. त्या डॉक्टरांनी मला रागे भरले, पण का, ते गर्दीत समजले नाही.

स्टेथोस्कोप :

'कधी बंद करायची नाही' हा नियम रोजच्या दिवसांसाठी आहे. उलट्या-जुलाबांनी शरीर सुकलेले असताना मूत्रल आणखी पाणी काढते आणि 'सार्टन'मुळे मूत्रपिंडाला स्वतःचा बचाव करता येत नाही. अशा आजारपणात ही औषधे एक-दोन दिवस थांबवावीत, असे पुष्कळ डॉक्टर सांगतात. आपल्याला ते लागू आहे का आणि पुन्हा केव्हा सुरू करायचे, हे निघण्यापूर्वीच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे, म्हणजे वाटेत स्वतःच्या मनाने ठरवण्याची वेळ येणार नाही. आपल्याला गोळीतला एकच घटक थांबवता येणार नाही, ही संयुक्त गोळीची खरी अडचण आहे; म्हणून वारीपुरत्या सुट्या गोळ्या लिहून घेणेही शहाणपणाचे ठरेल. निर्जळी एकादशीबद्दलही हाच विचार करावा.

एक गट मात्र याला अपवाद आहे. 'लोल' गटातली गोळी एकदम बंद केल्यास दाब आणि ठोके उसळतात, हृदयविकार असलेल्याला झटकाही येऊ शकतो. अटेनोलोल आणि अ‍ॅम्लोडिपिनची जोडगोळी आपल्याकडे अजूनही बरीच चालते, तेव्हा ती घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

नवी_पालवी :

माझे वय ३३ आहे आणि मला लोसार्टनची संयुक्त गोळी दिली आहे. आम्ही मुलाचा विचार करत आहोत. काही काळजी घ्यावी लागेल का?

स्टेथोस्कोप :

लागेल, आणि आधीच. 'सार्टन' व 'प्रिल' गर्भारपणात चालत नाहीत. बाळाच्या मूत्रपिंडांना आणि वाढीला त्यांपासून गंभीर धोका असतो. गोळी आपण होऊन सोडू नका, पण या आठवड्यात डॉक्टरांना भेटा. ते लॅबेटालोल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा यांपैकी योग्य ते देतील. दिवस गेल्याचे आधीच कळले असेल, तर भेटीची वाट न पाहता आजच फोन करा.

एडिसनकर :

न्यू जर्सीहून लिहितो. आईवडील सहा महिन्यांसाठी येतात, तेव्हा आम्ही पूर्ण मुदतीच्या गोळ्या भारतातून आणतो. एका वर्षी विमान कंपनीकडून बॅग हरवली आणि येथील फार्मसीत कंपनीचे नाव सांगून कोणालाही काही उमगले नाही. वडिलांच्या गोळीत सिल्निडिपिन होते. ते औषध अमेरिकेत मिळतच नाही, त्यामुळे येथील डॉक्टरांनी बदलून अ‍ॅम्लोडिपिन दिले. तेव्हापासून गोळ्या हातातल्या बॅगेत असतात आणि मूळ नावांची, डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी सोबत असते.

एक विचारायचे आहे. गोळी रात्री घेतलेली अधिक चांगली, असे मध्यंतरी खूप वाचले होते. तसेच वेळ बदलताना एखादी गोळी चुकली, तर काय करावे?

स्टेथोस्कोप :

ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या टाइम या अभ्यासात सकाळ आणि रात्र यांत झटके किंवा मृत्यू यांच्या बाबतीत फरक आढळला नाही. जी वेळ चुकणार नाही ती आपली वेळ. मूत्रल असेल तर सकाळ बरी, नाहीतर रात्री उठावे लागते. गोळी चुकल्याचे त्याच दिवशी आठवले तर घ्यावी. दुसऱ्या दिवसाची वेळ आली असेल तर सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत.

वेण्णाकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. काल वडिलांना घेऊन गावातल्या डॉक्टरांकडे गेलो आणि पुण्याची फाइलही नेली. टॅमसुलोसिनसकट सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडल्या. मूत्रल बंद झाले आहे. टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ ही दोन औषधांची एकच गोळी सकाळी द्यायची ठरली. म्हणजे त्यांच्या त्याच जुन्या दोन गोळ्या, एका पट्टीत. हे डॉक्टरांनी दोनदा समजावल्यावर वडिलांचा विरोध मावळला. सोडियम आता १३६ आहे. घरी दंडाला पट्टा बांधायचे यंत्र आणले असून सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजून सरासरी काढायची आहे. घरी ती १३५/८५ च्या आत असावी, असे सांगितले आहे. दाब याने आटोक्यात आला नाही तर पुढे काय, ते तीन आठवड्यांनी ठरेल.

जुन्या पट्ट्यांपैकी उरलेल्या अकरा गोळ्या आईने "वाया कशाला घालवायच्या" म्हणून पिठाच्या डब्यामागे ठेवल्या होत्या. त्या आज सापडल्या.